काठावर पास

पस्तीस गुण मिळवून दहावी पास झालेल्या मुलाच्या घरच्या पेढ्यांना जी चव असते, ती नव्वद टक्केवाल्याच्या घरच्या पेढ्यांना नसते. पंढरपुरात बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस हे म्हणतो आहे, तेव्हा त्यामागे थोडंफार निरीक्षण आहे असं समजावं. नव्वदवाल्याच्या घरात पेढा तोंडात असतानाच गेलेल्या दहा टक्क्यांची चौकशी सुरू होते. पस्तीसवाल्याच्या घरात मात्र आख्यान लागतं. बीजगणिताच्या पेपरला शेवटची दहा मिनिटं उरली असताना कुठलं गणित अचानक सुटलं, निकालाची बातमी आधी कुणी आणली, आजी तेव्हा कुठं बसली होती, हे सगळं वीस वर्षांनंतरही जसंच्या तसं सांगितलं जातं. (जसंच्या तसं सांगितलं जातं म्हणजे तसंच घडलं होतं असं नव्हे, त्याकडे पुढे येतो.) मराठीनं या अवस्थेसाठी शब्दही सढळ हातानं दिले आहेत: काठावर पास, ढकलपास, थोडक्यात निभावलं, जिवावरचं शेपटीवर निभावलं.

या लेखात मला याच अवस्थेबद्दल लिहायचं आहे, फक्त ती शाळेतली नाही, फुटबॉलच्या मैदानावरची आहे. पंढरपूर हे काही फुटबॉलचं गाव नव्हे. इथे वाळवंटात मुलं क्रिकेट आणि कबड्डी खेळतात. फुटबॉलसाठी वेडं व्हायचं तर कोल्हापूरला जन्म घ्यावा लागतो, जिथं पेठा आणि तालमी स्वतःचे संघ बाळगून असतात आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा तालीम हरली की दोन दिवस गल्लीत जेवण गोड लागत नाही. मी या खेळाकडे वळलो ते केबलवर इंग्लंडचे सामने दिसू लागल्यावर, आणि तेही अजिंक्यपदासाठी नव्हे. मला ओढून घेतलं ते तक्त्याच्या तळानं. त्यात गणित होतं.

आधी हे गणित सांगतो. इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये वीस संघ असतात. प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे अडतीस सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. मे महिन्यात हिशेब बंद होतो तेव्हा वरचा एक अजिंक्य ठरतो आणि तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. त्यांच्या जागी खालून तीन वर येतात. हीच शिडी खाली पायरी-पायरीनं पार गावपातळीच्या संघांपर्यंत उतरत जाते. इंग्रजीत या खाली जाण्याला रेलिगेशन म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांत कधी ‘पदावनती’ असा शब्द वाचायला मिळतो. तो मला कुणा नायब तहसीलदाराला पुन्हा अव्वल कारकून केल्यासारखा वाटतो. मी आपलं साधं ‘खाली जाणं’ म्हणेन.

खाली जाण्यानं नेमकं काय जातं, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. दूरचित्रवाणीचे पैसे आटतात. वरून पडणाऱ्या क्लबला प्रीमियर लीग काही वर्षं आधाराची रक्कम देते, त्यावरूनच पडण्याची उंची ध्यानात यावी. चांगले खेळाडू विकले जातात. तिकीटघरात, धुलाईखान्यात, मैदानाच्या गवतावर काम करणाऱ्यांपैकी कुणाची तरी नोकरी जाते. शेजारच्या गावाशी होणारा वर्षाचा मोठा सामना बंद होतो. आणि काही क्लब पुन्हा कधीच वर येत नाहीत. म्हणून वरच्या टोकाला जे अजिंक्यपद मिळतं त्याहून खालच्या टोकाला जे टळतं ते अनेकदा मोठं असतं.

गोम अशी की शेवटच्या दिवशी आपलं भवितव्य फक्त आपल्या मैदानावर ठरत नाही. सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, कारण आधी खेळून संपवलेल्या संघाचा निकाल पाहून दुसऱ्यांनी साटंलोटं करू नये. पंढरपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. ऑगस्टमध्ये आपल्याकडे आभाळ कोरडं असतं, तरी चंद्रभागेचं पाणी वाढत असतं, कारण पाऊस पडलेला असतो वर, पुण्याच्या बाजूला. उजनीतून किती सोडलं, वीर धरणातून नीरेत किती आलं, नरसिंहपूरच्या संगमाच्या पुढे किती झालं, यावर पुंडलिकाचं देऊळ किती बुडणार ते ठरतं. घाटावर उभा असलेला माणूस पाण्याकडे पाहतो, पण त्याचं चित्त मोबाइलवरच्या क्युसेकच्या आकड्यात असतं. शेवटच्या दिवशीचा फुटबॉलप्रेमी असाच उभा असतो. डोळे समोरच्या गवतावर, कान दोनशे मैलांवरच्या मैदानाकडे.

मोबाइल नव्हता तेव्हा कान म्हणजे ट्रान्झिस्टर. दहा हजारांच्या गर्दीत शे-दोनशे ट्रान्झिस्टर, त्यांच्याभोवती माणसांचे पुंजके, आणि पुंजक्यांतून पसरत जाणारी बातमी. ती बातमी कधी खरी असे, कधी नसे. ५ मे १९९६ या दिवशी मँचेस्टर सिटी आपल्या मेन रोड मैदानावर लिव्हरपूलशी खेळत होता. तळाशी सिटी, कॉव्हेंट्री आणि साउदॅम्प्टन या तिघांचे गुण सारखे होते. तिघांतला एक जाणार होता. सिटी दोन गोलांनी मागे पडला, मग दोन गोल करून बरोबरीत आला. तेवढ्यात कुठूनशी वार्ता आली की दुसऱ्या मैदानावर प्रतिस्पर्धी हरतो आहे, आता बरोबरी पुरेशी. व्यवस्थापक अॅलन बॉल यांनी वेळ काढायला सांगितलं. स्टीव्ह लोमास चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला आणि तिथं तो अडवून धरू लागला. बदली होऊन बाहेर गेलेला नायल क्विन खरा निकाल कळताच धावत रेषेपाशी आला आणि ओरडून सांगू लागला की बरोबरी पुरत नाही, गोल हवा. तोवर उशीर झाला होता. दुसरे दोन्ही सामने शून्य-शून्य सुटले, गोलफरकावर सिटी खाली गेला. आज तोच क्लब युरोपातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एक आहे, पण त्याच्या जुन्या पाठीराख्यांना विचाराल तर जिंकलेल्या चषकांच्या आधी कोपऱ्यात चेंडू धरून उभा असलेला लोमास निघतो.

याच्या उलट प्रकार १९७७चा. त्या मे महिन्यात कॉव्हेंट्री आणि ब्रिस्टल सिटी यांचा सामना आणि एव्हर्टनविरुद्ध संडरलंडचा सामना एकाच संध्याकाळी होते. तिघांपैकी एक बुडणार. कॉव्हेंट्रीच्या मैदानाबाहेर गर्दी फार म्हणून सामना काही मिनिटं उशिरा सुरू झाला. त्यामुळे संडरलंड हरल्याची बातमी आली तेव्हा इथे खेळ अजून बाकी होता आणि फळ्यावर गुण २-२. क्लबचा कारभार पाहणारे जिमी हिल यांनी तो निकाल मैदानावरच्या फलकावर झळकवला. बरोबरीत दोघंही वाचत होते. मग उरलेला वेळ बावीस माणसं चेंडू एकमेकांकडे ढकलत राहिली, गोल करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. नियमाचं पुस्तक उघडून यात कोणता नियम मोडला हे सांगणं अवघड आहे, पण संडरलंडच्या लोकांनी जिमी हिल यांना पुढं कित्येक वर्षं माफ केलं नाही. एका गावाची सुटकेची आठवण ही दुसऱ्या गावाची फसवणुकीची आठवण असते. सगळे सामने खरोखर एकाच क्षणी सुरू व्हायला हवेत या आग्रहामागे असल्या संध्याकाळी आहेत.

इथे थोडं मागे जायला हवं. इंग्लिश फुटबॉल लीगच्या चार गटांतून तळाच्या संघानं आपोआप बाहेर पडायचं ही पद्धत १९८७ची आहे. त्याआधी चौथ्या गटातले तळाचे चार क्लब बाकीच्या क्लबांपुढे हात जोडून उभे राहत आणि मतदान होऊन बहुधा त्यांना पुन्हा घेतलं जाई. आपल्या सहकारी संस्थांची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य रंगवून सांगायला नको. १९८७ मध्ये हे बंद झालं आणि पहिल्याच वर्षी शेवटच्या दिवशी जी गंमत झाली तिच्यावर कादंबरीत कुणी विश्वास ठेवला नसता.

९ मे १९८७. टॉर्की हा समुद्रकाठचा छोटा क्लब क्रूविरुद्ध २-० असा मागे होता. जिम मॅकनिकोलनं एक गोल फेडला. सामना संपत आला असताना रेषेजवळ पोलिसाबरोबर उभा असलेला ब्रिन नावाचा अल्सेशियन कुत्रा धावत आलेल्या मॅकनिकोलवर झेपावला आणि त्याच्या मांडीला चावला. उपचारात काही मिनिटं गेली, तेवढी पंचांनी शेवटी वाढवून दिली, आणि त्या वाढीव वेळात पॉल डॉब्सननं बरोबरीचा गोल केला. टॉर्की गोलफरकावर वाचला. त्याच दिवशी बर्नली या एकेकाळच्या अजिंक्य संघानंही ओरिएंटला हरवून जीव वाचवला. बुडाला तो लिंकन, जो त्या सकाळपर्यंत तळाला नव्हताच. कुत्रा चावला नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न टॉर्कीत आजही जिवंत आहे. लिंकनमध्ये तर तो अधिकच जिवंत असणार.

लिंकनच्या जागी खालून आपोआप वर आलेला पहिला क्लब होता स्कारबरो. हे नाव लक्षात ठेवावं, कारण बारा वर्षांनी ८ मे १९९९ रोजी तोच तळाला झगडत होता. त्याच्याबरोबर होता कार्लाइल, इंग्लंडच्या वायव्य टोकावरचा, १९२८ पासून लीगमध्ये असलेला क्लब. कार्लाइलकडे हंगामाच्या शेवटी गोलरक्षकच उरला नव्हता: एक विकला होता, उसना आणलेला दुसरा त्याच्या क्लबनं परत बोलावला होता. खेळाडू घेण्याची मुदत उलटून गेल्यावर खास परवानगी काढून स्विंडनहून जिमी ग्लास नावाचा गोलरक्षक उसना आणला. कार्लाइलसाठी हा त्याचा तिसरा सामना. समोर प्लिमथ, गुण १-१. तिकडे स्कारबरोचा सामना १-१ असा संपला होता आणि त्यांचे लोक वाचलो म्हणून मैदानात उतरून नाचत होते. कार्लाइलला जिंकणंच भाग होतं आणि चार मिनिटांचा वाढीव वेळही संपत आला होता. कोपऱ्यातून शेवटची किक मिळाली. ग्लास आपलं गोलघर सोडून अख्खं मैदान धावत पलीकडे गेला. उंच चेंडूवर स्कॉट डॉबीनं डोकं लावलं, समोरच्या गोलरक्षकानं अडवलं, चेंडू ग्लासच्या पुढ्यात पडला आणि त्यानं उजव्या पायानं तो जाळीत मारला. पंचांना खेळ पुन्हा सुरू करून लगेच शिट्टी वाजवण्याइतकाच अवधी मिळाला.

गणिताचा माणूस म्हणून मला या प्रसंगातली एक गोष्ट फार मोहवते. गोलरक्षक हा गोल वाचवण्यासाठी ठेवलेला असतो. त्याला पुढं पाठवणं हा साधारण परिस्थितीत वेडेपणा आहे, कारण त्यातून गोल होण्यापेक्षा गोल बसण्याची शक्यता अधिक. पण ज्याला बरोबरी आणि पराभव सारखेच, त्याच्यासाठी जोखमीची किंमत शून्य होते. हे कळायला संभाव्यतेचं पुस्तक लागत नाही. परीक्षेत शेवटच्या मिनिटाला पर्यायी प्रश्नांवर अंदाजे खुणा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते कळलेलं असतं.

स्कारबरो त्या दिवशी लीगबाहेर गेला तो परत आला नाही आणि २००७ मध्ये क्लबच विसर्जित झाला. कार्लाइल स्वतः पाचच वर्षांनी, २००४ मध्ये, खाली गेला (एका वर्षात परत आला, ही गोष्ट वेगळी). ग्लास तीन सामन्यांनंतर निघून गेला, पुढं काही वर्षं त्यानं टॅक्सी चालवली. म्हणजे हिशेबाच्या दृष्टीनं त्या गोलानं काय मिळवलं, तर पाच वर्षांची मुदतवाढ. पण कार्लाइलच्या माणसाला हे सांगून पाहा.

जर्मनीतला एक दिवस या सगळ्यांहून गुंतागुंतीचा होता. २९ मे १९९९, म्हणजे ग्लासच्या गोलानंतर तीनच आठवडे. शेवटच्या फेरीआधी न्युर्नबर्ग बाराव्या जागी, अगदी निर्धास्त. त्याच्याखाली चार संघ धडपडत होते. दीड तासात तळाचा तक्ता इतक्या वेळा बदलला की नभोवाणीवरचे निवेदक एका मैदानावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिले. रोस्टॉकनं बोखुमला ३-२ असं हरवलं. फ्रँकफर्टनं आदल्या वर्षीच्या अजिंक्य कायझर्सलाउटर्नला ५-१ असं लोळवलं, त्यातला पाचवा गोल नॉर्वेच्या यान-ओगे फ्योर्तोफ्टनं अखेरच्या मिनिटांत केला, तोही चेंडूवरून पाय फिरवून गोलरक्षकाला चकवत, जणू काही घाई नाहीच. न्युर्नबर्ग फ्रायबुर्गकडून १-२ हरला. फ्रँकफर्ट आणि न्युर्नबर्ग यांचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. फ्रँकफर्टनं हंगामात गोल जास्त केले होते म्हणून तो राहिला. न्युर्नबर्गहून बोलणारे ग्युंटर कोख हे स्वतः त्याच क्लबचे चाहते. त्यांचं त्या दुपारचं समालोचन जर्मनीत आजही पुन्हापुन्हा ऐकवलं जातं. जिंकलेल्या सामन्याच्या समालोचनाला एवढं आयुष्य मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

आता आठवणींकडे. १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली: मोठा धक्का देणारी बातमी ऐकतानाचा क्षण मेंदूत कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं टिपल्यासारखा उमटतो, कुठं उभे होतो, कुणी सांगितलं, हातात काय होतं, यासकट. कल्पना आकर्षक आहे आणि फुटबॉलप्रेमी तिचा जिवंत पुरावा वाटतात. पण उलरिक नाइसर यांनी तिला टाचणी लावली. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं, आणि अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची नवी हकीकत जुनीशी जुळेना, पण खात्री मात्र पक्की होती. नाइसर यांचा स्वतःचा किस्सा तर आणखी बोलका आहे. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असं त्यांना वर्षानुवर्षं स्पष्ट आठवत होतं. मग एक दिवस लक्षात आलं की तो डिसेंबर होता आणि डिसेंबरात बेसबॉल खेळलं जात नाही. पुढे इतर संशोधकांनी शोध लावला की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जायंट्स आणि डॉजर्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना प्रक्षेपित होत होता, आणि ही दोन्ही नावं बेसबॉलच्या संघांचीही होती. म्हणजे गाभा खरा, कपडे बदललेले.

आमच्या गल्लीतला एक मुलगा, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, एव्हर्टनचा भक्त. (का, असं विचारलं तर सांगतो, वर्गातली सगळी पोरं मँचेस्टर युनायटेडची होती म्हणून.) २८ मे २०२३ ला एव्हर्टन बोर्नमथशी खेळला, जिंकला नसता तर १९५४ पासूनचं वरच्या लीगमधलं स्थान गेलं असतं. ती रात्र तो सांगतो तेव्हा दुकुरेचा गोल अगदी अखेरीस येतो, सामना हातातून निसटलेला असताना, घरातली वीज एकदा जाऊन आल्यानंतर. प्रत्यक्षात तो गोल सत्तावन्नाव्या मिनिटाला झाला होता. पण त्यानंतरचा अर्ध्या तासाहून अधिक काळ, ज्यात लेस्टर आपला सामना जिंकत होता आणि एका बरोबरीच्या गोलानं सगळं उलटलं असतं, तो त्याच्या आठवणीत कुठं ठेवायचा? त्यानं तो गोलाच्या आधी नेऊन ठेवला. भीती आधी, सुटका नंतर. आख्यानाची रीत तीच आहे. मला यात खोटेपणा दिसत नाही.

लेस्टर तो सामना जिंकूनही खाली गेला. सातच वर्षांपूर्वी हा संघ इंग्लंडचा अजिंक्य होता.

थोडक्यात हुकलेलं जास्त का सलतं आणि थोडक्यात वाचलेलं जास्त का सुखावतं, याचंही उत्तर शोधलं गेलं आहे. कानेमान आणि ट्व्हर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांपुढे दोन प्रवासी ठेवले होते. दोघांचंही विमान चुकलं, एकाचं अर्ध्या तासानं, दुसऱ्याचं पाच मिनिटांनी. नुकसान सारखंच, पण पाच मिनिटांवाला जास्त हळहळेल असं जवळपास सगळ्यांना वाटलं, कारण मनातल्या मनात पाच मिनिटं वाचवणं सोपं असतं. पुढे १९९२च्या ऑलिम्पिकमधल्या विजेत्यांचे चेहरे तपासून मेडवेक, मॅडी आणि गिलोविच यांनी दाखवलं की कांस्यपदकवाला रौप्यवाल्यापेक्षा आनंदी दिसतो: एकाच्या मनात हुकलेलं सुवर्ण असतं, दुसऱ्याच्या मनात रिकामा हात. सतराव्या जागी आलेल्या संघाचा आनंद हा या कांस्यपदकवाल्याचा आनंद आहे. २००५ मध्ये वेस्ट ब्रॉमिच अल्बियन नाताळाला तळाला होता, शेवटच्या सकाळीही तळाला होता, आणि संध्याकाळी सतरावा झाला. पोर्ट्समथला त्यानं २-० असं हरवलं, तेव्हा पोर्ट्समथचे पाठीराखेही टाळ्या वाजवत होते, कारण त्यामुळे त्यांचं हाडवैर असलेला साउदॅम्प्टन बुडत होता. मानवी स्वभावाचा इतका प्रांजळ आविष्कार देवळाच्या रांगेतही क्वचित दिसतो.

मराठी वाचकाला या सगळ्याच्या जवळ जाणारा अनुभव फुटबॉलपेक्षा क्रिकेटनं दिला आहे. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे दोन गट होते त्या काळात, २००६-०७च्या हंगामात, अमोल मुजुमदारच्या मुंबईनं पहिले तीन सामने गमावले. मुंबई प्लेट गटात जाणार, अशी उघड चर्चा सुरू झाली. प्रवीण आमरे प्रशिक्षक. तिथून संघ सावरला, बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात शून्यावर पाच गडी बाद झाल्यावरही जिंकला आणि वानखेडेवर बंगालला हरवून करंडक घेऊन गेला. मुंबईचे जुने क्रिकेटप्रेमी चाळीसहून अधिक विजेतेपदांपैकी कुठल्या वर्षाबद्दल खुलून बोलतात ते पाहावं. शून्यावर पाच हा आकडा ते करंडकाच्या आधी सांगतात.

मग आपल्या फुटबॉलचं काय? इथे मात्र माझा सूर थोडा बदलतो.

आपल्याकडे क्लब खाली जात नाहीत, बंद होतात. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीनं तो गुंडाळला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि दोन-तीन वर्षांत मिटला. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली ती खाली पडण्याची सोय न ठेवताच; तिथल्या पुणे सिटीचाही २०१९ मध्ये गाशा गुंडाळला गेला. यातल्या एकालाही शेवटचा दिवस मिळाला नाही. प्रेक्षकांना ट्रान्झिस्टर कानाला लावून, नखं कुरतडत, वाचलो किंवा बुडालो असं म्हणता आलं नाही. एक पत्रक निघालं, इतकंच. हरण्यात जी प्रतिष्ठा असते ती बंद पडण्यात नसते. पैसे घालणाऱ्याला हमी हवी असते, हे मला कळतं. पण तळाच्या संघाला काहीच गमवायचं नसेल तर मार्चनंतर त्याचे सामने कुणी आणि कशासाठी बघायचे?

आय-लीगमध्ये खाली जाण्याचा नियम होता, पण तोही सर्वांना सारखा नव्हता. २०१४-१५ मध्ये तळाला आला पुण्याचा भारत एफसी. तो थेट प्रवेश घेतलेला नवा क्लब असल्यामुळे त्याला अभय होतं. म्हणून खाली गेला त्याच्या वरचा डेंपो, पणजीचा, पाच वेळा देशाचा अजिंक्य ठरलेला. अभय मिळालेला भारत एफसी पुढच्या हंगामापर्यंतही टिकला नाही. डेंपो एका वर्षात दुसऱ्या श्रेणीतून वर येण्याचा हक्क मिळवून परतला, पण २०१६ मध्ये देशातल्या लीगच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून त्यानं, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह, आय-लीगमधून अंग काढून घेतलं. गोव्याच्या फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला तो उन्हाळा विचारू नये.

त्या रिकाम्या जागेचा लाभ कुणाला झाला ही या लेखातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. मिझोरमचा आयझॉल एफसी आदल्या हंगामात खाली गेला होता. गोव्याचे क्लब गेल्यामुळे त्याला परत बोलावलं. आणि त्यानं प्रशिक्षक आणला तो मुंबईचा, खालिद जमील. जमील यांनी मुंबई एफसी हा तुटपुंज्या पैशांवर चालणारा संघ जवळपास सात वर्षं सांभाळला होता. तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात बराच काळ काढूनही तो संघ त्यांच्या काळात कधी खाली गेला नाही. २०१६ मध्ये क्लबनं त्यांना सोडलं.

३० एप्रिल २०१७ हा त्या हंगामाचा शेवटचा दिवस. आयझॉलला शिलाँग लाजाँगविरुद्ध एक गुण हवा होता, तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकून वाट पाहणार होता. नवव्या मिनिटाला दिपांदा डिकानं लाजाँगला पुढं नेलं. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी केली. तेवीस मिनिटं आणि वाढीव वेळ त्यांनी तसाच काढला, आणि वर्षभरापूर्वी खाली ढकलला गेलेला संघ देशाचा अजिंक्य झाला. जमील पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले.

त्याच तक्त्याच्या तळाला, शेवटच्या जागी, मुंबई एफसी होता. तो खाली गेला आणि नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. कूपरेजच्या सज्जात बसून वर्षानुवर्षं त्याला ओरडून आधार देणारी मूठभर मंडळी होती. त्यांच्या कुणी मुलाखती घेऊन ठेवाव्यात असं मला फार वाटतं. जमील यांच्या काळात प्रत्येक एप्रिलमध्ये तक्ता बघताना त्यांच्या पोटात काय होत असे, कुठला बरोबरीचा गोल त्यांना अजून आठवतो, हे त्यांच्याखेरीज कुणी सांगू शकणार नाही. कार्लाइलवर पुस्तकं निघाली आहेत, जिमी ग्लासनं आत्मचरित्र लिहिलं आहे.

अलीकडे तर आपल्याकडचा शेवटचा दिवस मैदानाबाहेरही सरकू लागला आहे. २०२४-२५च्या आय-लीगचा तक्ता गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या बाजूनं बंद झाला होता, पण एका सामन्याच्या गुणांवरून वाद चालू राहिला आणि जुलैत लोझानच्या क्रीडा लवादानं इंटर काशीला अजिंक्य ठरवलं. ट्रान्झिस्टर कानाला लावून लवादाचा निकाल ऐकता येत नाही. त्याच हंगामात डेंपो आय-लीगमध्ये परत आला होता. मध्ये नऊ हंगाम गेले होते, आणि तेवढ्या काळात आय-लीग स्वतःच देशातल्या पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आली होती.